कोऱ्या डबीवरचं माझं नाव

ये वं, अशी जवळ येऊन बस. दाराशी काहून उभी राहतेस परक्यासारखी? कारंज्याहून आमचं वाशीमकडचं मालेगाव म्हणजे काही विलायत नाही, एसटीत बसलं की माणूस येतं. पण तू यायचं नाव घेत नाहीस. फोन केला तर वाजतो, वाजतो आणि थकून बंद पडतो. जेवतेस तरी का वेळेवर? वर्गात होतीस तेव्हा डबा तसाच परत न्यायचीस, आणि मी रागावले की म्हणायचीस, "काकू, गिऱ्हाईक सोडून खाऊ का?" गिऱ्हाईक म्हणजे कोण, तर तुझ्याच मैत्रिणी, भुवया कोरून घ्यायला बसलेल्या.

तू समोर नाहीस हे मला कळतं. तरी लिहायला बसले की मी तुला वर्गातल्या त्या उंच पाठीच्या खुर्चीत बसवते आणि बोलते. नाव लिहायचं नाही हे ठरवलेलंच आहे. तुझंही नाही आणि त्या पोरीचंही नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते की तू माझ्या पार्लरच्या पहिल्या वर्गातली, आता तुझं स्वतःचं पार्लर आहे, आणि मी तुझ्यावर रागावले आहे. थोडी नाही, पोटातून.

मी काही शिकलेली बाई नाही. सातवीत शाळा सुटली. लग्नानंतर मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन मालेगावच्या बाजारात बसायची. शेजारी एका बाईचं पार्लर होतं. भाजी संपली की तिच्या दारात बसून पाहायची, पाहून पाहून भुवया कोरायचा दोरा धरायला शिकले. पुढे माझं पार्लर झालं, मग पोरी शिकायला यायला लागल्या. वर्ग अजून तिथंच आहे, कृषी केंद्राच्या वरच्या दोन खोल्यांत. जिन्यात पाय ठेवला की फवारणीच्या औषधाचा वास येतो आणि वर पोचलं की गुलाबपाण्याचा. मधल्या पायरीवर दोन्ही मिसळतात. तुला मळमळायचं तिथं, आठवतं का?

पहिल्या दिवशी मी कोणाला क्रीमला हात लावू देत नाही. खालच्या दुकानातून फवारणीच्या औषधाची एक सीलबंद बाटली मागून आणते आणि टेबलावर ठेवते. म्हणते, वाचा. पोरी सगळ्या वावरातल्या. त्यांना वाचावंही लागत नाही.

"लाल तिकोन हाये काकू. जहर हाये, हात नका लावू."

"अन् पिवळा असला तं?"

"तेही जहरच. जराशीक कमी."

मग मी बाजूला तोंडाला लावायच्या क्रीमची डबी ठेवते आणि म्हणते, आता ही वाचा. एक जण झाकण उघडून वास घेते, दुसरी बोटावर घेऊन चोळून पाहते.

"वावरात मारायचं असलं तं बाटली फिरवू फिरवू पाहता," मी म्हणते, "अन् तोंडाले लावायचं असलं तं नुसता वास घेता?"

मग एकेक दाखवते. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता. ज्या पत्त्यात गावच नाही तो पत्ता नाही. बॅच नंबर, लायसनचा नंबर, कुठपर्यंत वापरायचं ती तारीख, आणि आत काय काय घातलंय त्याची यादी. ती यादी बारीक इंग्रजीत असते आणि माझे डोळे तिथं हरतात. पहिल्या वर्षी माझे डोळे तूच होतीस. भिंग धरून एकेक अक्षर लावायचीस, चुकलीस की जीभ चावायचीस आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचायचीस. बाकीच्या कंटाळून चहाला जायच्या. एक दिवस तू आपणहून पुठ्ठा आणलास आणि निळ्या स्केचपेननं मराठीत सगळं लिहून काढलंस, डबी हातात घेतली की काय काय पाहायचं ते. शेवटची ओळ मी सांगितलेली नव्हती, तुझ्याच मनातली होती. "ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही ते लावू नका." तो पुठ्ठा अजून भिंतीवर आहे.

तूच एकदा विचारलं होतंस की कंपनीवाले हे आधी कोणावर लावून पाहतात. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. पूर्वी सशांवर पाहायचे, त्यांच्या डोळ्यांत घालून. आता आपल्या देशात त्यावर बंदी आहे. आता आत जंतू वाढतात का, पारा-शिसं तर नाही ना, उन्हाळ्यात माल टिकतो का, हे तपासतात, आणि लावून पाहायचं तर राजीखुशीनं आलेल्या माणसांवर, डॉक्टरच्या देखत. तू म्हणालीस, "म्हंजे ससा सुटला काकू." सगळ्या हसल्या, मीही हसले. आज ते हसू आठवलं की अंगाची आग होते. कारण ससा सुटला आणि त्याच्या जागी तू किन्हीराजा गावची ती पोरगी नेऊन बसवलीस.

दुसरा धडा टेस्टचा. तो मी कोणत्या पुस्तकातून नाही उचलला, वावरातून उचलला, आणि त्याचा मला मोठा तोरा होता. घरचं सोयाबीन पेरायच्या आधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, किती उगवतात ते पाहतो. नवीन फवारा आणला तर आधी एका तासावर मारतो, म्हणजे पिकाच्या एकाच ओळीवर. दोन दिवस थांबतो. पानं करपली नाहीत तर मग सगळ्या वावरावर. तसंच केसांच्या काळ्या मेंदीचं, तसंच क्रीमचं. कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावा, दोन दिवस थांबा. लाल झालं, खाजलं, तर फेकून द्या. इतकी वर्षं हे शिकवते आहे. पोरी लग्न होऊन जातात आणि तिकडून फोन करून सांगतात, काकू, सासूच्या मेंदीची टेस्ट केली, वाचली सासू. मी खूश होते. या धड्याला भोक आहे हे मला दिसलंच नाही.

आता त्या पोरीचं सांगते. तुला तिचं तोंड माहीत आहे, बाकी काही माहीत नाही.

ती किन्हीराजाहून येते. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, दोन वर्षं तीही गेली होती. तिला पुन्हा जायचं नाही. बसथांब्याजवळ एक खोली पाहून ठेवली आहे, तिथं पार्लर टाकायचं, तेवढं एकच तिच्या डोक्यात असतं. हात इतका हलका की भुवई कोरताना गिऱ्हाईक पेंगतं. मी मनात म्हणायची, तुझ्यानंतर असा हात हिचाच.

पोळ्याच्या सुमारास तिचा चेहरा उजळायला लागला. आठ-दहा दिवसांत एवढा फरक, की वर्गातल्या पोरी तिच्याभोवती गोळा व्हायच्या. मीच म्हटलं, "काय वं, दुधानं तोंड धुऊन राह्यली का?" ती हसली आणि मान खाली घातली. आणि मी, लेबल वाचा लेबल वाचा म्हणून घसा कोरडा करणारी बाई, मी तिला एकदाही विचारलं नाही की काय लावतेस. दिसत छान होतं ना. मला बरं वाटत होतं. हे मी तुझ्या माथी नाही मारत, हे माझं आहे.

दसऱ्यानंतर ती ओढणी बांधून यायला लागली. धुळीपायी सगळ्याच पोरी बांधतात, डोळे तेवढे दिसतात. पण वर आल्यावर सोडतात, ती सोडेना.

"सासरचे आले काय वं पाहाले?" पोरींनी टिंगल केली.

"नाई, चोरी केली तिनं. पोलीस शोधून राह्यले."

ती हसलीसुद्धा नाही. फेशियल शिकवायच्या दिवशी मी म्हटलं, आज तुझ्यावर करून दाखवते, सोड ती ओढणी. ती उठली आणि सरळ जिन्यात गेली. मी मागे गेले. तिथं, त्या मधल्या पायरीवर, तिनं ओढणी सोडली.

काय पाहिलं ते तुझ्यासाठी लिहिते. गाल लालभडक, भाजल्यासारखे. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. हनुवटीवर पुटकुळ्या, त्यात पू. आणि गालावर बारीक काळी लव, पोरांना मिसरूड फुटते तशी. म्हणाली, चुलीपुढे बसवत नाही, वावरात उन्हात जाववत नाही, साध्या पाण्यानंही आग होते. आणि ओढणीतून एक डबी काढली. पांढरी, कोरी. खाली नाही, वर नाही, झाकणावर नाही. कुठं एक अक्षर नाही.

"संपली अन् आनाले जमलं नाई," ती म्हणाली. "आठ दिवसांत असं झालं. पुन्हा लावली तं बरी होईन का काकू?"

माझा तोल गेला. पोरीच्या अंगावर ओरडले मी, तशा चेहऱ्याच्या पोरीवर. "टेस्ट नाई केली? इतकं शिकवलं तुमाले!"

"केली ना. तुमी सांगतली तशी केली. कोपराले लावली, दोन दिवस थांबली. काई नाई झालं. उलटं तेवढी जागा गोरी दिसाले लागली."

वावरात एखादं टॉनिक मारलं तर दोन दिवसांत तास हिरवागार दिसतो, कीड लागते ती पंधरा दिवसांनी, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. कोपरावर जे दोन दिवसांत खाजतं तेवढंच माझी टेस्ट पकडते. जे आधी गोंजारतं आणि मग सोलतं, ते टेस्टच्या हाती लागत नाही. ते फक्त लेबल सांगू शकतं. म्हणून मी शेवटचं विचारलं.

"लेबल काहून नाई पायलं?"

"पायलं. नव्हतंच. कारंज्याले तिच्या पार्लरात घेतली तवा म्या इचारलं तिले, लेबल नाई काहून? तं ते म्हने, मी तुह्या काकूच्या पहिल्या वर्गातली. काकूच्या हाताखाली शिकली. तुमचं नाव घेतलं तिनं." ती ओढणीचं टोक पिळत होती. "मंग लेबल कायले पाहू, काकू?"

ऐकलंस? त्या डबीवर काही लिहिलेलं नव्हतं असं मी वर म्हटलं, ते खरं नाही. त्या डबीवर माझं नाव होतं. तू लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी तिला वाशीमला घेऊन गेले, कातडीच्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, आत काय आहे ते तपासल्याशिवाय सांगणार नाही, पण चेहरा पाहून वाटतं की जोरदार स्टेरॉईड मिसळलं आहे. म्हणाले, असं काही महिना-दीड महिना रोज लावून एकदम बंद केलं की कातडी अशीच उलटते, ते आम्हाला हळूहळू उतरवावं लागतं. चेहरा बराचसा सुधारेल, महिने लागतील. ऊन टाळ, चूल टाळ.

"वावरात ऊन हाये, घरात चूल हाये," पोरगी म्हणाली. "मंग राहू कुठं, डॉक्टर?"

त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, हे दिलं कोणी? तुझं नाव तोंडात आलं आणि गिळलं. बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, "असं तोंड घेऊन पार्लर टाकलं तं कोण येईन माह्याकडं? तोडीवरच जा लागते आता." रागानं बोलली असती तर मला सोसलं असतं. ती हिशेब सांगावा तशी सांगत होती.

मग मी तुझ्याकडे आले. तो दिवस तुला सांगायची गरज नाही, पण लिहून ठेवते, कारण तू तो तुझ्या पद्धतीनं विसरली असशील.

दुकान छान ठेवलंस. आरसे मोठे. एक बाई केसांना काळी मेंदी लावून, खांद्यावर टॉवेल घेऊन बसलेली. तू "काकू!" म्हणून धावलीस, पाया पडलीस, चहा सांगितलास. मी डबी टेबलावर ठेवली.

"काय हाये हे?"

"रातची क्रीम."

"आत काय?"

"चार ट्यूबा मिसळल्या. सगळेच करतात काकू, मी एकटी थोडीच हाये. गिऱ्हाईक आठ दिवसांत फरक मागते."

तुझ्या मोरीजवळच्या बादलीत त्या ट्यूबा पडल्या होत्या, पिळून चपट्या केलेल्या. प्रत्येकीवर लाल उभी रेघ. ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही, हे वर्गात मोठ्यांदा वाचून दाखवणारी तूच होतीस.

"मंग लेबल काहून नाई लावलं?"

"काय लिवू त्याच्यावर?" तू म्हणालीस. "खरं लिवलं तं कोणी घेत नाई, खोटं लिवलं तं तुमी माराल. म्हून कोरं ठेवलं."

तुझी जीभ पहिल्यापासून अशीच. एरवी मी हसले असते. मी त्या पोरीचा चेहरा सांगितला, जिन्यातला, जसा पाहिला तसा. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तिनं मधातच बंद केली ना, म्हून झालं. चालू ठेवली असती तं काईच झालं नसतं."

तेवढ्यात ती मेंदीवाली बाई म्हणाली, ताई, ते रातची क्रीम देता म्हणल्या होत्या ना. आणि तू माझ्या डोळ्यांत पाहत ड्रॉवर उघडलास. डबी तिच्या हातात दिलीस. ती म्हणाली, चांगली आहे ना? तर तू माझ्याकडे बोट केलंस. "ह्या आमच्या म्याडम. याईच्याच हाताखाली शिकली मी."

मी ती डबी तिच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, "हिच्यावर माह्यं नाव नाई."

ती बिचारी गोंधळली. "मंग लावू का नको?"

"काकू, गिऱ्हाइकासमोर तमाशा नका करू," तू दबक्या आवाजात म्हणालीस. मी त्या बाईला नको म्हणून सांगितलं, डबी पिशवीत टाकली आणि उठले. चहा आला होता, तो तसाच राहिला.

परतीच्या एसटीत मी तुला जे जे बोलले ते तू ऐकलं असतंस तर बरं झालं असतं. शेजारची बाई मला पाणी द्यायला लागली.

त्यानंतर आठवडाभर तुला फोन केला. मग अर्ज लिहिला. तुझ्यापासून लपवत नाही. माझ्या अक्षरात, माझ्या हातानं लिहिला आणि सौंदर्यप्रसाधनं तपासणारं सरकारी कार्यालय आहे तिथं दोन्ही डब्यांसकट देऊन आले. तिथल्या माणसानं डबी फिरवून पाहिली आणि विचारलं, यावर तर काहीच नाही, कोणाचा माल म्हणून लिहू? मी तुझं दुकान सांगितलं. मग म्हटलं, खाली माझंही नाव लिहा, माल माझ्या नावावर विकला गेला. त्यानं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा हो. लिहून घेतलं.

वर्गातही सांगितलं. टेबलावर फवारणीची बाटली नव्हती त्या दिवशी, कोरी डबी होती, खास रिकामी आणून ठेवलेली. म्हटलं, माझ्या टेस्टला भोक आहे. म्हटलं, उद्या मी स्वतः काही दिलं आणि त्यावर लेबल नसलं, तर माझ्या तोंडावर फेका. एक पोरगी म्हणाली, "तुमच्या तोंडावर काकू? तोंडाले काई झालं तं?" हसल्या पोट्ट्या. मला हसायला आलं नाही, पण बरं वाटलं.

ती पोरगी अडीच महिने आली नाही. आईबाप तोडीवर गेले, तिला डॉक्टरपायी मागे ठेवलं. मग एका सोमवारी आली, ओढणी खांद्यावर. गाल अजून लालच, लव आहे, पण पू वाळला. कोणी काही बोललं नाही, आणि त्या पोरींना त्यासाठी मी जन्मभर चहा पाजीन. ती सरळ तुझ्या पुठ्ठ्यापुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता फाडते. मी अडवणार नव्हते. तिनं स्टूल ओढलं, वर चढली, आणि तुझ्या शेवटच्या ओळीच्या खाली पेननं लिहिलं, "ओळखीचीनं दिलं तरी."

मग खाली उतरून मला म्हणाली, "तिनं आणखी कोणाकोणाले देल्ली असंन, काकू?"

तेच विचारायचं आहे तुला. ती केसांना मेंदी लावलेली बाई मी सोडवली. पण बाकीच्या? त्या आज छान दिसत असतील, शेजारणी त्यांना दुधानं तोंड धुतेस का म्हणून विचारत असतील. तू घाबरून डब्या नाल्यात फेकल्यास आणि गप्प बसलीस तर त्या सगळ्यांचं एकदम बंद होईल, आणि मग एकेकीची ओढणी चढेल. अर्जावर कोण कधी येईल ते येईल. त्या बायकांना आधी डॉक्टरकडे न्यावं लागेल, आणि त्यांची घरं फक्त तुला माहीत आहेत. मी घरोघर हिंडेन, आणि त्या बायकांना दाखवायला त्या पोरीकडे चेहरा आहे. नावं तेवढी तुझ्याकडे आहेत.

राग गेला असं समजू नको. तू आलीस की दारातच बोलेन, पोरींसमोर बोलेन. पण बोलून झाल्यावर वांग्याची भाजी आहे, भाकरी आहे, आणि डबा परत न्यायचा नाही. ती पोरगी सोमवार आणि गुरुवार असते. त्याच दिवशी ये, तिच्यासमोर बस. कोणाकोणाला दिली ते सगळं कागदावर लिहून आण, मागच्या पोळ्यापासूनचं, एकही नाव न गाळता. सकाळची एसटी पकड, ऊन व्हायच्या आत पोचशील. लवकर येजो, माय.